बाहेर एक, हाजिर

देव न मानणारी माणसं वऱ्हाडात पूर्वीही होती आणि पुढेही होतील. पण देवळाबाहेर माझ्या मावसाजींइतका वेळ उभा राहिलेला नास्तिक साऱ्या मध्यप्रांतात दुसरा झाला नसेल. देव मानणारी मंडळी देवळात शिरतात, घंटा वाजवतात, कपाळाला अंगारा लावतात आणि पाच मिनिटांत बाहेर येऊन चपला शोधायला लागतात. मावसाजी मात्र बाहेर उभे म्हणजे उभेच. उन्हात उभे, पावसात उभे, मान ताठ, टाचा जुळलेल्या, नजर समोर. एखाद्या परक्या माणसानं पाहिलं तर त्याला वाटावं, काय निष्ठा आहे या गृहस्थाची! आणि निष्ठा होतीच. फक्त ती कशावर होती हे समजून घेण्याइतकी सवड गावात कोणाला नव्हती.

मावसाजी म्हणजे माझ्या थोरल्या मावशीचे यजमान. अमरावतीच्या वेशीबाहेर त्यांची फुलांची बाग होती. जातीनं माळी, धंदा पिढीजात, आणि गावातले निम्मे देव सकाळच्या पारी त्यांच्याच बागेतली फुलं अंगावर घालून बसायचे. झेंडू असो, शेवंती असो, त्यांच्या हातचं फूल दोन दिवस मान टाकत नसे. कोणी गिऱ्हाईक म्हणालं की "देवासाठी हवीत, जरा चांगली द्या," तर मावसाजी भडकायचे. "खराब फुलं मी मान्साले बी देत नाही," असं म्हणून ते टोपली पुढं ढकलायचे. मी त्या काळी अमरावतीला मास्तरकी करत होतो आणि राहायला मावशीकडेच होतो. एकदा मी त्यांना डिवचायला म्हणून विचारलं, "मावसाजी, देव मानत नाही, मग देवाला फुलं कशी विकता?" ते खुरपं न थांबवता म्हणाले, "इकत घेनारा मानते ना? मी झेंडू इकून राह्यलो बाबू, देव नाही इकून राह्यलो."

त्यांचा देव का गेला, याबद्दल गावात नाना कथा होत्या. कोणी म्हणायचं, लहानपणी पटकीच्या साथीत भाऊ गेला म्हणून. कोणी म्हणायचं, नवस फळला नाही म्हणून. मावशीचा स्वतःचा असा पक्का समज होता की हे देवावर रुसले आहेत आणि रुसवा कधीतरी निघेल. मावसाजींना या सगळ्याचा मनापासून राग यायचा. "लोकाले वाटते, काहीतरी दुख झाल्याबिगर मानूस असा होतच नाही. अरे, पाह्यलं, इचार केला, नाही पटलं. संपलं! आता जो हायेच नाही, त्याच्यावर रुसाले मी काय येडा हावो?" असं ते म्हणत आणि मावशी माजघरातून ऐकून देवापुढं आणखी एक वात लावी. संसार मात्र दोघांचा चांगला चालला होता. तिच्या सोमवारच्या पूजेचा हार ते स्वतः ओवायचे, आणि त्या हारात एकही फूल तिरकं नसायचं.

असा हा माणूस दुसरी लढाई सुरू झाल्यावर एक दिवस उठला आणि फौजेत भरती झाला. घरी खायला नव्हतं असं नाही, मारकुटेपणा तर अंगात औषधालाही नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच, की जगात फौज ही एकच जागा अशी आहे जिथं हुकूम होतो, काम होतं आणि दोहोंच्या मध्ये देव कुठं येत नाही. इतकी मोठी चूक त्यांनी आयुष्यात दुसरी केली नाही. भरतीच्या तंबूत पहिलाच प्रश्न आला धर्माचा. मावसाजी म्हणाले, "काहीच नाही." कारकून म्हणाला, "काहीच नाही नावाचा धर्म सरकारकडे नाही," आणि त्यानं हिंदू लिहून टाकलं. पलटणीत जाऊन पाहतात तर तिथं हिंदूंचा स्वयंपाक वेगळा, मुसलमानांचा वेगळा, हिंदूंना पंडितजी, मुसलमानांना मौलवी, ख्रिस्त्यांना पाद्री. दसऱ्याला बंदुकीला हळदकुंकू, आणि झेंडूची माळही. "ज्याच्यापासून पळालो थो माह्या पयलेच तेथं जाऊन बसला होता," असं ते पुढं सांगायचे, आणि माळेतला झेंडू कसा हलका होता हेही सांगायचे.

रंगरूटांची तालीम संपली की कसम खावी लागे. पंडितजी गीता आणि गंगाजलाचा गडू घेऊन उभे, एकेक जवान पुढं येऊन हात ठेवतो, शपथ घेतो आणि बंदूक उचलतो. मावसाजींनी हात ठेवला नाही. त्यांचे सुभेदार अकोल्याकडचे होते, कुणबी घरातले, गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर बुक्का आणि आवाज असा की बैलानं वखर सोडून पळावं. ते जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "काहून रे, हात काहून नाही ठेवत?"

"हात ठेवला त ते लबाडी होईन, साहेब. मी माह्या जबानीवर कसम खातो."

"तुह्या जबानीची काय किंमत?"

"माह्या जबानीवर माह्या सासऱ्यानं पोरगी देल्ली. तुमी एक बंदूक नाही देत?"

गोऱ्या साहेबानं दुरून विचारलं, हा काय म्हणतो? सुभेदारांनी टाचा जुळवून उत्तर दिलं, की हा म्हणतो, मरेपर्यंत हुकूम पाळीन. मावसाजींना बंदूक मिळाली. सुभेदार हसले नाहीत, पण त्या दिवसापासून त्यांची नजर या माळ्यावर राहिली.

खरं संकट दर रविवारी यायचं. पलटणीतली सगळी हिंदू मंडळी रांगेनं देवळापर्यंत जाई, पायऱ्यांशी बूट काढी आणि आरतीला आत शिरी. मावसाजी पायरीपर्यंत रांगेत पावलाला पाऊल मिळवून जात आणि तिथंच थांबत. पहिल्या रविवारी त्यांना पाठीवर बोजा बांधून मैदानात पळवलं. ते पळाले. दुसऱ्या रविवारी पुन्हा थांबले, पुन्हा पळाले. शेवटी सुभेदारच दमले आणि म्हणाले, "देव नको मानू बाबा, पन रांगेत त राह्यशीन?" मावसाजी म्हणाले, "रांगेत राह्यतोच हावो. फक्त अंदर नाही येत." मग सुभेदारांनी त्यांना बुटांवर पहारा दिला. सरकारी बूट सगळे सारखे, आरती सुटली की ढिगाऱ्यावर झुंबड उडायची, डावा एकाचा आणि उजवा दुसऱ्याचा घालून जवान लंगडत बराकीत जायचे. मावसाजींनी ती जागा शिक्षा म्हणून घेतलीच नाही. फुलांचे वाफे लावावेत तशा त्यांनी बुटांच्या ओळी लावल्या, ज्या क्रमानं जवान आत गेले त्याच क्रमानं, टाचा देवळाकडे आणि टोकं बाहेर. बाहेर येणारा जवान नुसता पाय घालून चालायला लागायचा. पलटणीत म्हणायला लागले की देव भेटो न भेटो, माळी आहे तोवर बूट भेटतात.

पण एक गोष्ट त्यांना लागून राहिली. आरतीआधी हवालदार साहेबाला हजेरी सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "एक गैरहाजिर." हे ऐकताना मावसाजी दहा पावलांवर, पूर्ण वर्दीत, ताठ उभे असायचे. ज्याला ताप आला तो गैरहाजिर, जो पळून गेला तो गैरहाजिर, आणि मावसाजीही गैरहाजिर. हा शब्द त्यांना पाठीवरच्या बोजापेक्षा जड झाला. ते सुभेदारांकडे गेले. "साहेब, मी पळालो नाही, झोपलो नाही, बिमार नाही. मले गैरहाजिर नका म्हनू."

"मंग काय म्हनू?"

"हाजिर म्हना. बाहेर हाजिर."

"फौजेत असं नसते रे," सुभेदार म्हणाले. मावसाजींना पदक नको होतं, पट्टी नको होती, कोणाचा देव हिसकायचा नव्हता. आपण जसे आहोत तसे, पण मोजले जावे, एवढीच त्यांची मागणी होती. आणि सगळ्या पलटणीत तेवढीच एक गोष्ट मिळण्यासारखी नव्हती.

पुढं पलटण ब्रह्मदेशाकडे गेली. तिथल्या लढाईबद्दल मावसाजी फार बोलत नसत. एक प्रसंग मात्र सांगायचे. खंदकात चिखल गुडघ्यापर्यंत, वरून तोफेचे गोळे, आणि सगळे जण आपापल्या देवाच्या नावानं ओरडत होते. सगळ्यांचे कान मावसाजींकडे, की आता तरी याच्या तोंडून नाव निघतं का. मावसाजींचे ओठ हलत होते. शेजारी सुभेदार पडलेले. ते सरकत जवळ आले आणि त्यांनी कान लावला, तर मावसाजी म्हणत होते, "झेंडू, झेंडू, शेवंती, मोगरा, इहिरीजवळ गुलाब, मंग पुन्ना झेंडू..." सुभेदार म्हणाले, "हा बी जपच झाला रे!" त्या गोळीबारातही मावसाजी चिडले. "जप नाही साहेब, घरचे वाफे मोजून राह्यलो!" सुभेदार हसले, आणि पलीकडचे दोघे जवानही हसले. त्या दोघांपैकी एकही संध्याकाळपर्यंत राहिला नाही. हे सांगताना मावसाजी खाली मातीकडे पाहायचे.

त्यानंतरच्या रविवारी देऊळ म्हणजे झाडाखाली टेकवलेली एक तसबीर होती. जे उरले होते ते बूट काढून तिच्यासमोर बसले. मावसाजींनी ओळी लावल्या. ज्या क्रमानं लावायची सवय होती त्याच क्रमानं लावल्या आणि जे आले नाहीत त्यांच्या जागा मोकळ्या सोडल्या. बुटांपेक्षा मोकळ्या जागा जास्त होत्या. सुभेदार पायऱ्या नसलेल्या त्या देवळाकडे निघाले होते, ते ओळीशी थांबले. बराच वेळ पाहत राहिले. हवालदार उरला नव्हता, म्हणून हजेरी त्यांनीच सांगितली. आतले किती ते सांगितलं, आणि मग त्या मोठ्या आवाजात म्हणाले, "बाहेर एक, हाजिर!" साहेबानं काही विचारलं नाही. मावसाजी म्हणायचे, "बाबू, आयुष्यात मले कोनी मोजलं असन त थ्या दिवशी." तिथून पलटण परत येईपर्यंत दर रविवारी हजेरी अशीच झाली.

लढाई संपली, मावसाजी घरी आले, पण पहारा काही सुटला नाही. लग्न असो, कीर्तन असो, कौंडण्यपूरची कार्तिकातली जत्रा असो, मावशी आत आणि मावसाजी बाहेर, जोड्यांच्या ओळी लावत. जत्रेतली बाया-माणसं त्यांना देवस्थानचा नोकर समजत आणि जाताना हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवत. तो ते मुकाट्यानं बैलाला घालत. मावशी म्हणायची, "अवो, एक डाव अंदर चला ना. देव काही खाऊन नाही टाकत." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "तू जा. मी तुही चप्पल पाह्यतो." आत पुजारी अभिषेकासाठी घरातल्या मंडळींची नावं विचारी, यजमान कुठं आहेत म्हणे, तेव्हा मावशी खाली मान घालून सांगायची, "त्याईले बरं नाही." इतकी देवभोळी बाई, पण देवासमोर दरवर्षी खोटं बोलायची. फौजेत गैरहाजिर असलेला माणूस घरच्या देवळात आजारी असायचा.

मग अमरावतीत परतलेल्या शिपायांचा सत्कार निघाला. मैदानात कनात लावली, झेंडे लावले, मोठे अधिकारी यायचे होते. मावसाजींनी वर्दीला स्वतः इस्त्री केली आणि मला बरोबर घेतलं. सुरुवात पूजेनं होणार होती, म्हणून सगळ्यांनी बूट कनातीबाहेर काढले. मावसाजी दाराशी थांबले. पूजा आटोपली की आत जायचं, असा त्यांचा साधा बेत. तोवर हात रिकामे राहिनात, म्हणून त्यांनी बुटांच्या ओळी लावायला घेतल्या. आत मंत्र थांबले आणि लागलीच नावं पुकारायला लागले. बाहेर कोणी येऊन सांगितलं नाही. त्यांचं नाव आलं तेव्हा ते वाकलेले होते. ते ताडकन सरळ झाले आणि त्यांनी बाहेरूनच आवाज दिला, "हाजिर, साब!" कनातीत हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, "कुठून ओरडतो आहे हा?" ते दाराशी पोचेपर्यंत आतून पुकारा झाला, "गैरहाजिर," आणि पुढचं नाव आलं. दारावरच्या माणसानं हात आडवा धरला. एकदा नाव गेलं की गेलं, म्हणाला. मावसाजी परत बुटांपाशी आले. समारंभ सुटेपर्यंत तिथंच उभे राहिले. गळ्यात हार घातलेले शिपाई बाहेर आले आणि आपापल्या बुटांत पाय घालून निघून गेले. ते हार आमच्याच बागेतल्या फुलांचे होते. घरी आल्यावर मावसाजींनी भर उन्हात वाफ्यांना पाणी सोडलं. उन्हात पाणी द्यायचं नसतं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. 

चार-आठ दिवसांनी म्हणाले, "अकोल्याले चाल." बडनेऱ्याहून गाडी धरून आम्ही गेलो. सुभेदार खाटेवर होते, तो आवाज उरला नव्हता, माळ मात्र गळ्यात होती. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी शिवी हासडली. "मूर्खा, पूजा झाल्यावर अंदर काहून नाही गेला?"

"झाली म्हनून कोनी सांगतलंच नाही, साहेब."

सुभेदार खोकत खोकत हसले. मग थांबले. "मी असतो त सांगतलं असतं."

"म्हनून त तुमच्याकडं आलो."

"मी आता किती दिवसाचा रे?" सुभेदार म्हणाले. "माह्या मांगं तुही हाजरी कोन सांगन?"  निघताना मावसाजींनी सुभेदारांच्या खाटेखालच्या वहाणा सरळ करून ठेवल्या.  दिवाळीच्या आतच अकोल्याहून सुभेदार गेल्याचा निरोप आला.

तो निरोप आला त्या संध्याकाळी मी मावशीला सगळं सांगितलं. पलटणीतली हजेरी, कनातीतला हशा, सुभेदारांचा प्रश्न. इतकी वर्षं संसार करून हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मावसाजी बायकोपुढं फौजेचं बोलणं कमीपणाचं मानत. ती हार ओवत होती. हातातलं फूल तसंच धरून ती म्हणाली, "एवढंच होय? मले वाटे, याईले मोठं काही पाह्यजे."

कार्तिकात आम्ही बंडी जुंपून कौंडण्यपूरला गेलो. वर्धा नदीला पाणी भरपूर होतं आणि जत्रा दाट भरली होती. मावशी मुलं-सून घेऊन आत गेली, मावसाजी जोड्यांपाशी उभे राहिले आणि मी उंबऱ्यावर थांबलो, निम्मा आत, निम्मा बाहेर. या बाबतीत माझी जागा जन्मभर तीच राहिली आहे. पुजाऱ्यानं नावं विचारली. मावशीनं मुलांची सांगितली, सुनेचं सांगितलं, आपलं सांगितलं. पुजारी सवयीनं म्हणाला, "यजमानांना बरं नाही ना?" तेव्हा मावशीनं मान वर केली, आणि मळ्याच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारावी तशा आवाजात ती म्हणाली, "बाहेर एक, हाजिर!"

गाभाऱ्यातली कुजबुज थांबली. पुजारी गोंधळला. "बाहेर कोण?"

"आमचे थे. देव मानत नाहीत. पन हाजिर हायेत."

"मग नाव घेऊ का त्यांचं?"

"नाव नका घेऊ. त्याईले नाही चालत," मावशी म्हणाली. "हाजरी घ्या."

मी बाहेर पाहिलं. मावसाजींच्या टाचा जुळल्या होत्या. नजर समोर होती, आणि त्या नजरेसमोर जत्रेतल्या फुग्यांखेरीज काही नव्हतं. मग ते खाली वाकले आणि सरळच असलेली एक चप्पल बराच वेळ सरळ करत राहिले. मावशी बाहेर आली, चपलेत पाय घातले.  परतीच्या वाटेवर मावसाजी बैलांशी फार गप्पा मारत होते.

पुढच्या उन्हाळ्यात मावसाजी गेले. ताप आला आणि तो उतरलाच नाही. भाऊबंदांनी भटजी बोलावला होता, मावशीनं त्याला दारातून परत पाठवलं. "मंतर नको. त्याईच्या नावानं लबाडी मी नाही करनार," एवढंच ती म्हणाली. लोक महिनाभर तिला नावं ठेवत होते. फौजेतून कोणी आलं नाही. कोणाला कळवायचं हे आम्हाला माहीतही नव्हतं, आणि ज्याला कळवायचं तो आधीच गेला होता. त्यांच्या अंगावरच्या पांढऱ्या चादरीवर मावशीनं बागेतला झेंडू ठेवला, देवाला ठेवतात तसा नाही, नुसता ओंजळीनं ओतला.

कार्तिक आला तसा मावशीनं जत्रेचा हट्ट धरला. मी तिला घेऊन गेलो. या वेळी मी उंबऱ्यावर थांबलो नाही, तिच्या मागं आत उभा राहिलो. पुजाऱ्याला ती आठवत होती. त्यानं मुलांची नावं घेतली, सुनेचं घेतलं, आणि भल्या मनानं, काही माहीत नसताना, हसून विचारलं, "आणि बाहेर?"

मावशी म्हणाली, "बाहेर एक..."

पुढचा शब्द तिच्या तोंडून निघेना. पुजारी थोडा वेळ थांबला, मागं लोक ढकलत होते, त्यानं मंत्र सुरू केले. आम्ही बाहेर आलो. पायऱ्यांखाली जोड्यांचा मोठा ढीग पडला होता, एकात एक, उलटसुलट. मावशीची चप्पल सापडेना. मी शोधत होतो आणि ती अनवाणी, त्या ढिगाशेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहत उभी होती.